नाटकात नसलेली बाटली

दादा,

आज वर्गात दोन अमेरिकन नाटकं शेजारी ठेवून शिकवली. दोन्ही लेखकांनी आपल्याच घराची शोकांतिका लिहिलीय. एकात सगळे घरीच राहून आईचं व्यसन झाकतात. दुसऱ्यात मुलगा आई-बहिणीला टाकून निघून जातो. त्याच्यावर मी अशी घसरले की म्हणून गेले, “जाताना आईच्या झोपेच्या गोळ्यांची बाटली बहिणीच्या हातात ठेवतो, ‘रोज दोनच दे’ म्हणतो!”

पहिल्या बाकावरची मुलगी पुटपुटली, “मॅडम, हे नाटकात नाहीये.”

मी पुस्तक चाळल्यासारखं केलं.

तू गेलास म्हणून आई गेली, असंच मी सगळ्यांना सांगत आलेय. पण ‘दोनच दे’ हे तू बजावलं होतंस. आई रडली की तिसरी मीच द्यायचे.

हेही पत्र झाकून ठेवणारी,
तुझी धाकटी