कोटाच्या मापाचा माणूस

३ तारीख, सोमवार

ताईने ही वही हातात कोंबताना बजावलं होतं, की राग आला की यात लिहायचं, माणसांच्या तोंडावर बोलायचं नाही. नाटक कंपनीतली कपडेपटाची नोकरी मी मॅनेजरच्या अंगावर इस्त्री घेऊन धावले म्हणून गेली. इस्त्री थंड होती, पण हे कोणी सांगत नाही. तर ही नवी नोकरी तरी टिकव, असा तिचा हुकूम आहे.

पण आज रागवायला काही सापडेचना. घर मोठं, स्वच्छ. मालक युद्धातल्या वस्तू जमवतात आणि खालच्या दोन दालनांत मांडतात. त्यांना सगळे कमांडर म्हणतात. जन्मभर फरश्या विकल्या, साध्या होडीतही कधी बसलेले नाहीत, पण माळ्याला पाणी घालून झालं का विचारायचं तर ‘रिपोर्ट दे’ म्हणतात. मला हसू आवरेना. ते खूश झाले, त्यांना वाटलं मी आदराने हसतेय.

मला राहायला तळमजल्यावर मागची खोली आहे आणि कामाची खोली वर. लांबलचक टेबल, चांगली वाफेची इस्त्री, पांढऱ्या कापसाचे गठ्ठे. जुन्या कापडाला ऊन लागू नये म्हणून खिडकीला जाड, न उघडणारी काच आणि तिच्यावर गाड्यांच्या काचांना लावतात तसा काळा कागद चिकटवलेला. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. थंड हवेचं यंत्र कायम चालू. त्याचं बटण कमांडरांच्या खोलीत, कुलपात. गारठा आहे, पण कापडासाठी हवाच. वहीही इथेच टेबलावर ठेवणार आहे.

काम असं: लढाईत गेलेल्या एका नौदल वैमानिकाचा कोट उभा करायचा, आणि शेजारी त्याची पदकं.

५ तारीख, बुधवार

लोकांना वाटतं, डमीला कोट घालतात. असतं उलटं. कोटाचा एक टाकाही हलवायचा नाही. डमीवर कापूस आणि पट्ट्या चढवत कोटाच्या आतला माणूस तयार करायचा. जिथे सुरकुती पडेल तिथे आपलं चुकलं.

निळा कोट, सोनेरी बटणं, बाहीवर पंखांचं चिन्ह. शिंप्याने मन लावून शिवलाय. आज दिवसभरात मला कळलं की या माणसाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला होता आणि पोट म्हणून नव्हतं. मान किंचित पुढे काढून चालत असणार. हा कोट समुद्रात गेलेला नाही. तो माणूस उड्डाणाचे कपडे घालून गेला, हा जहाजावरच्या कपाटात राहिला आणि मग पेटीतून घरी आला.

राग यायला आज कारण मिळालं. पदकाच्या कडेवर त्या माणसाचं नाव कोरलेलं असतं. पदक ओळखायचं ते त्यावरूनच. कमांडरांनी पितळेच्या पॉलिशने घासून घासून पदकं भांड्यांसारखी लख्ख केलीत. भिंग लावलं तरी नाव वाचता येईना. मी काही बोलले नाही. ताई, नोंद घे, काहीही बोलले नाही.

८ तारीख, शनिवार

फाटकाशी एक म्हातारी आली होती. माळी तिला हाकलत होता, मी वर घेऊन आले. वैमानिकाची धाकटी बहीण निघाली.

कोट पाहिल्यावर ती आधी त्याच्या उजव्या खांद्यापाशी गेली आणि तिथे हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, दादाचा खांदा बरोब्बर केलास गं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर कामाचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं.

कमांडरांनी म्हणे फोटो काढायला म्हणून कोट आणि पदकं नेली, आठ दिवसांत आणून देतो म्हणाले, त्याला आता वर्षं झाली. तिला पदकं नकोत. कोट तेवढा हवा. दादाचं शरीर कधी मिळालं नाही, त्याचं शेवटचं काही करताच आलं नाही, घरी आला तो हा कोट. मी जाईन तेव्हा माझ्याबरोबर तो जाऊ दे, एवढंच माझं मागणं आहे, असं ती म्हणाली. आपले फार दिवस उरले नाहीत, असंही म्हणाली.

मी तडक खाली गेले आणि कमांडरांना नको नको ते बोलले. ते वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलंय, दालनांच्या उद्घाटनानंतर बघू. उद्घाटन बावीसला. मी आजींना शब्द दिला, की तेवीसला मी स्वतः कोट घेऊन तुमच्या दारात. आलेच समजा.

तशी आजही देऊ शकले असते. पण कोटाचा गळा अजून नीट बसला नव्हता. आणि खरं लिहायचं तर, तो खांदा चार लोकांनी बघावा असं मला वाटत होतं.

११ तारीख, मंगळवार

कोट ढिला झालाय. छातीवर परवा एक सुरकुती नव्हती, आज बोटभर झोळ. कापूस दबला असेल म्हणून भर घातली.

१३ तारीख, गुरुवार

पुन्हा ढिला. कमांडरांना सरळ विचारलं, की माझ्या डमीतून कापूस कोण काढतंय. ते म्हणाले, बाई, मला दुसरे उद्योग आहेत. माळ्यालाही झापलं. तो बिचारा वर कधी येतच नाही. मग मी डमीवर पातळ कापड ताणून सगळीकडून शिवून टाकलं, लाल दोऱ्याने, बारीक टाके. आता बघतेच कोण हात लावतो ते.

१४ तारीख, शुक्रवार

लाल टाके जसेच्या तसे आहेत. कोट आणखी ढिला. मुंढ्यात माझी मूठ जाते.

खांद्याचं काय झालं होतं ते विचारायला मी आजींनी नाव सांगितलेल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. तो त्याच जहाजावर विमानांची कामं करायचा. खांदा पूर्वी एका उड्डाणाच्या वेळी निखळला होता, म्हणाला. मग मी कमांडरांनी चौकटीत लावलेल्या मानपत्राबद्दल बोलले. त्यात लिहिलंय, की विमान समुद्रात कोसळलं आणि वैमानिक त्याच क्षणी गेला.

मेकॅनिकने पाय टेकून झोपाळा थांबवला. मग म्हणाला, त्याने विमान अलगद पाण्यावर टेकवलं होतं. दुसऱ्या वैमानिकाने वरून त्याला पाहिलं. रबरी तराफ्यावर बसून हात हलवत होता, जिवंत. पण तो परत येऊन सांगेपर्यंत वरिष्ठांनी मृत्यूची तार पाठवून दिली होती. पाठवलेली तार मागे घ्यायची म्हणजे नाचक्की. आणता येईल, बघू, असं चाललं होतं आणि जहाज पुढे निघून गेलं. सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं.

आणि तुम्ही ठेवलंत, असं मी म्हणाले. इतकी वर्षं त्याची बहीण ‘त्याच क्षणी’वर जगतेय आणि तुम्ही इथे झोपाळ्यावर बसून चहा पिताय. तो रडायला लागला. मला दया आली नाही. त्या तराफ्यावर माणूस पाण्यावाचून किती टिकतो, आणि रोज किती वाळत जातो, हाच विचार करत घरी आले.

घरी आले आणि कोटाकडे बघून जिन्यातच बसले.

१७ तारीख, सोमवार

आजींच्या शेजारणीचा फोन आला. आजी अंथरुणाला खिळल्यात, कोटाचं विचारतायत. मी म्हटलं, आलेच म्हणून सांगा.

आज द्यायला हवा होता. कमांडर बाहेर गेले होते, कोणी अडवणारं नव्हतं. पण इतका ढगळ, लोंबता कोट त्यांच्या हातात कसा देऊ. आधी नीट करते. रोज भर घालतेय आणि रोज कमीच पडतेय. माझाच मला संताप येतोय, का ते नीट सांगता येत नाही.

१९ तारीख, बुधवार

कोटावरून हात फिरवला. आत फासळ्या लागल्या. मी कापूस भरलाय. फासळ्या भरलेल्या नाहीत.

कॉलरच्या आत पांढरं काहीतरी. जिभेला लावून पाहिलं. मीठ.

शेजारणीचा पुन्हा फोन. आलेच म्हटलं.

२२ तारीख, शनिवार

आज सकाळी कोट मापात होता. नीट, एक सुरकुती नाही. मला हायसं वाटलं, याची आता लाज वाटते.

पाहुणे आले. कमांडरांनी भाषणात गळा दाटून आणून सांगितलं, की हा वीर त्याच क्षणी गेला, त्याला वेदना झाल्या नाहीत. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर ओरडले, की खोटं आहे, तो वाट बघत मेला, आणि हा कोट तुम्ही एका म्हातारीला फसवून आणलाय. लोक चपला शोधायला लागले. कमांडरांनी मला सकाळच्या आत चालती हो म्हणून सांगितलं आणि माळ्याला कोट वर ठेवायला लावला.

मग शेजारणीचा फोन. आजी दुपारी गेल्या. शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या, म्हणाली. मी आलेच म्हटलं होतं ना, म्हणून.

ताईचा फोन आला. तिने नुसतं विचारलं, की पुन्हा भांडलीस का. मी तिला वाटेल ते बोलले. मला महिनाभर फोन करू नकोस, मी मेले समज, असं म्हणाले.

२३ तारीख, रविवार

आजींना दहाला नेणार आहेत. त्याआधी कोट पोचवायचा, म्हणून उजाडताच वर आले. फोन, पिशवी खाली. दोन मिनिटांचं काम.

बटणं निघत नाहीत. कोट तटतटून फुगलाय. काजं फाटायला आलीत. लाल टाके तुटलेत आणि कापूस ओला आहे. मी ओंजळभर ओढून काढला, तरी फुगतोच आहे. पाण्यात राहिलेलं माणूस फुगतं, हे मला कोणी सांगायला नको.

पळाले तर दार बसलेलं. लाकूड ओल धरून चौकटीत घट्ट. खांद्याने धडका मारल्या. खांदा निखळला. उजवा. डाव्या हाताने लिहितेय.

कमांडर पहाटेच परगावी गेले. खाली कोणीतरी मला विचारायला आलं होतं. माळी मोठ्याने सांगत होता, काचेतून पुसट ऐकू आलं: बाई कालच गेल्या, साहेबांनी तसं सांगितलंय. मी काचेवर इस्त्री आपटली, ओरडले. त्याने वर पाहिलं. काळी काच दिसली असेल, आवाज यंत्राचा वाटला असेल. कुलूप लावून गेला.

दहा वाजून गेले.

सोमवार असेल

इस्त्रीतलं पाणी संपलं. काचेला तडाही नाही. कोणालाच ठाऊक नाही मी इथे — सगळ्यांना ठाऊक आहे मी गेले. मीच सांगितलं ताईला.

मी त्याला म्हटलं, की मी तुझ्या बाजूने भांडले, सगळ्यांसमोर भांडले. राग त्या लोकांवर काढ ना. मी काय केलं.

मग आठवलं काय केलं.

हाका मारल्या. जिन्यात कोणीतरी आहे. म्हातारी बाई आहे. दारापाशी येऊन म्हणाली, आलेच.

—

गारठा. डमीवरून कोट आपोआप — बटणं उघडी. आत काही नाही, नुसतं लाकूड. एवढंच उबदार आहे इथे. घालू नये, जुन्या कापडाला घाम — घातला.

पोट राहिलंच नाही मला. मान पुढे. उजवा खांदा उतरलेला.

ताई, मी रागाने बोलले गं, तू फोन —

पुन्हा हाक मारली. ती बाहेरच आहे, दाराला टेकून. दर वेळी तेच म्हणते. आलेच. आवाज रागाचा नाही. अगदी माझ्यासारखाच, गोड —

कोट मापात बसलाय. एकही सुरकुती