फाटलेला चहा

मौजा खैरी, चिमूरजवळ,
जिल्हा चांदा
दिनांक ११ डिसेंबर १९५६

प्रिय सोमारी हिस,

चौथी उत्तीर्ण झाल्यापासून या गावची निम्मी पत्रे मीच लिहीत आलो; परंतु स्वतःच्या पत्रात ‘प्रिय’ हा शब्द आज प्रथमच लिहीत आहे. तुला अक्षरओळख नाही, म्हणून हे पत्र गुणवंत तुला वाचून दाखवील. गुणवंता, तू केवळ वाचणारा आहेस, पत्र तुझ्या पत्नीचे आहे. मध्येच थांबू नये आणि मागचे पान आधी उलटून पाहू नये. सोमारी, तीन वर्षांपूर्वी ज्या घरातून मी तुला घालवले, त्याच घरी तू परत यावेस, अशी विनंती करण्यासाठी मी लिहावयास बसलो आहे. विनंती करण्याची मला सवय नाही. म्हणून आरंभापासून सांगतो.

गुणवंत धानोऱ्याच्या रानात लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी म्हणून गेला आणि तुला घेऊन आला, तेव्हा मी तुझे कूळ आधी विचारले, नाव नंतर. तू मला, सासऱ्याला, ‘मामाजी’ म्हणत असस. मी तुला हाकच मारीत नसे. काही सांगावयाचे झाल्यास तुझ्या सासूबाईंना सांगत असे आणि तू शेजारी उभी राहून ऐकत असस. तुमच्या गावी गाईची धार काढीत नाहीत, दूध वासराचे मानतात, हे गुणवंताने मला सांगितले होते. ते ऐकून मी हसलो होतो. तू ते हसणे ऐकले होतेस, हेही मला ठाऊक होते.

मग तो शाळातपासणीचा दिवस. मी शाळा समितीचा अध्यक्ष, म्हणून साहेब माझ्याच ओसरीवर बसले. तुझ्या सासूबाईंच्या बोटास धान कापताना विळा लागला होता, त्यामुळे त्यांना धार काढणे शक्य नव्हते. मी बसल्या जागेवरून सांगितले की सुनेने दूध काढावे आणि चहा करावा. बराच वेळ गेला. मी दोनदा खाकरलो. अखेर तू पदर सावरीत दोन कपबश्या आणून ठेवल्यास आणि त्यांत कोरा चहा होता. साहेब भले गृहस्थ, म्हणाले की कोरा चहा प्रकृतीस उत्तम. त्यांचा तो समजूतदारपणाच मला अधिक झोंबला. मी माझा कप अंगणात रिकामा केला आणि म्हणालो, “दारात दोन गाई बांधलेल्या असताना जी कोरा चहा देते, ती या घरची नव्हे. तिने आपल्या रानात जावे.” तू वाकून माझी रिकामी कपबशी उचललीस, धुऊन फडताळात ठेवलीस, आणि सूर्य मावळण्यापूर्वी तुम्ही दोघे निघून गेलात. गुणवंताची तीन पत्रे आली. मी ती वाचली, घडी घालून ठेवली आणि उत्तर दिले नाही. आपली चूक नाही, अशी माझी खात्री होती.

यंदा दिवाळीनंतर तुझ्या सासूबाईंना ताप येऊ लागला. त्यांनी अंथरूण धरले. मागल्या मंगळवारी सकाळी त्यांनी गुळाचा, दूध घातलेला चहा मागितला. घरात दुसरे कोणी नव्हते. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी चुलीपुढे प्रथमच बसलो. धार काढता येत होती, ती काढली. चहा करणे म्हणजे काय मोठे शास्त्र, असे मनाशी म्हणून चुलीवर ठेवलेल्या जर्मनच्या गंजात पाणी, पत्ती, गूळ आणि दूध एकदमच घातले आणि खाली लाकडे सारली. उकळी आली आणि सारे फाटले. वर पाणी, खाली चोथा. तोच कपात ओतून मी त्यांच्यापुढे नेला. त्यांनी कपात पाहिले आणि त्या कित्येक दिवसांनी हसल्या.

त्यांचे पुढील बोलणे मी त्यांच्याच बोलीत लिहितो. ते शुद्ध करण्याचा अधिकार मला नाही. त्या म्हणाल्या, “गूळ घालून दूध उकळलं का फाटतेच जी. गंज खाली उतरवाचा, गूळ इरघळला का मंग वरून दूध सोडाचं. तिचाबी असाच फाटला होता.” मी विचारले, कोणाचा? “सोमारीचा. तुमचा सायेब आला होता त्या दिवशी. पोरीनं धार काढली होती. पयले वासराजवळ बसली, त्याच्या कानात आपल्या बोलीत काई तरी बोलली, मंग काढली. अन् चहा फाटला. मले म्हणे, बाई, मामाजीच्या पाव्हण्याले फाटका चहा कसा देऊ. मंग तो फेकला अन् कोरा ठेवला. दूध उरलंच नव्हतं.” मी रागावून विचारले की मला का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, “तिनं शप्पथ घातली होती. अन् तुमी इचारलं काऊन नाई?”

सोमारी, तुझ्या आईबापांनी, त्यांच्या आईबापांनी जे कधी केले नाही, ते तू माझ्या मानासाठी केलेस. आणि मी तो मान अंगणात ओतला. तुझ्या सासूबाई तो फाटका चहा शेवटपर्यंत प्याल्या. मग मला बजावले, “तिले चिठ्ठी लिवा. पयले चहाचं लिवा, बाकी मंग.” मी म्हणालो, उद्या लिहितो. कागद, दौत आणि टाक उशाशी काढून ठेवले आणि मायना काय घालावा, या विचारात दोन दिवस घालवले.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा चहा केला. गंज खाली उतरवला, गूळ विरघळू दिला, दूध वरून सोडले. तो फाटला नाही. रंग अगदी जसा असावयास हवा तसा आला. कप घेऊन मी आत गेलो आणि “बघ, जमला,” असे म्हणालो. उत्तर आले नाही. चहा थंड होईपर्यंत मी तो हातातच धरून बसलो होतो. गुणवंता, वाचणे थांबवू नकोस. मृत्यूच्या पत्राचा कोपरा फाडतात, ही रीत मी जाणतो. इतरांसाठी मी कितीदा फाडलेला आहे. या पत्राचा फाडला नाही. फाटका कोपरा दिसताच तुम्ही पुढचे वाचले नसते, आणि तुझ्या आईने सांगितलेला क्रम मोडला असता. तिला दिलेल्या शब्दांपैकी एवढा एकच मला पाळता आला. सोमारी, तेरवी पुढील मंगळवारी आहे. त्या गुरुवारपासून मी गाईची धार काढलेली नाही. वासरू सारे दूध पिते. तू धुऊन ठेवलेली ती कपबशी फडताळात तशीच आहे. तू येशील त्या दिवशी तीत कोराच चहा दे. मी तो ओसरीवर, सर्वांसमोर पिईन.

तुझाच, तुला आज प्रथम नावाने हाक मारणारा,
मामाजी