मांडीवरचं हेल्मेट

कळंब,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. पौर्णिमा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या हुकमाप्रमाणे लेखी उत्तर देत आहे. पण त्याआधी माझी एक तक्रार नोंदवून घे. माझ्या डाव्या पायाला एकतीस वर्षांच्या अखंड सेवेनंतर कुठलीही नोटीस न देता कामावरून कमी करण्यात आलं आहे. गेले तीन दिवस मी आमच्या शाळेतल्या बब्रुवान सरांची स्कूटर चालवून बघतोय. स्कूटरला गिअर नसतो हे मला माहीत होतं, पण पायाला कुणी कळवलं नव्हतं. प्रत्येक वळणावर तो सवयीनं खाली दाबतो आणि खाली नुसतं सपाट पायदान. रिटायर झालेले हेडमास्तर रोज दहाला उगाच शाळेच्या फाटकापर्यंत येऊन जातात, तसं त्याचं झालंय. गाडीबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते त्यात त्याच्या पेन्शनबद्दल अवाक्षर नाही.

तू फोनवर म्हणालीस, "बाबा, तुम्ही बोलायला लागलात की विषय गावभर फिरून येतो. मोटारसायकल ठेवणार की विकून स्कूटर घेणार, आणि का, ते विचार करून लिहून पाठवा. तोपर्यंत मी आईला कळंबला पाठवत नाही." वर्गात मी पोरांना आयुष्यभर हेच सांगत आलो, तोंडी नको, लिहून आण. पोरं तेव्हा खिडकीबाहेर का बघत बसायची ते आता समजलं.

तर ऐक. पहिली गोष्ट चाकाची. मोटारसायकलचं चाक सतरा-अठरा इंची, खड्ड्यावरून ते निघून जातं. स्कूटरचं चाक दहा-बारा इंची, ते खड्ड्यात उतरतं, आत कोण राहतं याची चौकशी करतं आणि मग वर येतं. परवा आपल्याच गल्लीच्या तोंडाशी मी असा उतरलो की चष्मा नाकावरून मिशीवर आला.

ब्रेकच्या बाबतीत मात्र स्कूटर बरी. दोन्ही ब्रेक हातात. मोटारसायकलला एक हातात, एक पायात, आणि घाबरलेल्या माणसाचे हात-पाय एकमेकांशी बोलत नाहीत. शिवाय स्कूटर बुटकी, उभं राहताना दोन्ही पाय जमिनीला टेकतात. माझ्या वयाच्या माणसाला ही सोय कमी नाही. उलट हायवेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या शेजारून गेल्या की स्कूटर अंग चोरते, आपल्याला उगाच तिची दया येते. मोटारसायकल जागा सोडत नाही.

बब्रुवान सरांनी गाडी देताना शिकवणी घेतली ती अशी.

"सर, ह्याला कायच करावं लागत न्हाय. नुस्तं पिळायचं, की चालली."

"आणि थांबवायची कशी?"

"सोडून द्यायचं."

"संसारातही एवढंच असतं तर बरं झालं असतं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "वैनी कधी यायल्यात?" त्यांनी विचारलं. मी डिकीत किती सामान मावतं ते विचारलं.

एकूण विचार करता माझं मत मोटारसायकलकडं झुकतं. आणि हेही ध्यानात घे, की मार्चमध्ये जे झालं त्यात गाडीचा दोष नव्हता. बेंबळीला लग्नाला निघालो होतो, फाट्यावर तांबडं कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबावा लागला, तुझी आई मागून पडली. खुब्याचं हाड, डोक्याला अकरा टाके. खाली स्कूटर असती तरी कुत्रं कुत्रंच राहिलं असतं. तेव्हा मोटारसायकल विकून नेमकं काय साधणार, ते मला समजत नाही.

बाकी इकडं ठीक. शेजारच्या गिरिजाबाई आठवड्यातून दोनदा भाजी पाठवतात. वाटी परत देताना रिकामी कशी द्यायची म्हणून मी त्यात शेंगदाणे घालून देतो. परवा त्यांनी निरोप दिला, सर, शेंगदाणे पुरे आता. चहा अजून दोन कप होतो. पातेल्याला सवय आहे. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारते, "जेवलात का?" संध्याकाळी सहाला कोण जेवतं, पण मी हो म्हणतो. मग थोडा वेळ दोघंही काही बोलत नाही, आणि मग दोघंही रेंज नाही म्हणतो.

जावईबापूंना जयभीम सांग. आईला हे पत्र वाचून दाखव. पायाचं आवर्जून वाच.

तुझा,
बाबा


बेंबळी फाटा,
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. पौर्णिमा,
जयभीम.

तुझं उत्तर परवा मिळालं. सात वेळा वाचलं, चारच ओळी आहेत म्हणून जमलं. तू लिहिलंस, "बाबा, चाकाचं समजलं, ब्रेकचं समजलं. एवढ्या पानांत मागं बसणाऱ्याबद्दल एक ओळ नाही. पायाचं वाचताना आई खूप हसली. मग एकदम उठून आत गेली, काठी न घेता."

पेपर तपासताना मीही असाच शेरा मारतो. उत्तर सुबक आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचं नाही.

आज सकाळी मोटारसायकल काढली आणि इथं आलो. फाट्यावर शंभुलिंगची चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर हललेलं दिसेल. बाकाचा एक पाय आखूड आहे.

मागं बसणाऱ्याबद्दल लिहितो.

तुझी आई एका बाजूला बसते. साडी नेसून दुसरं कसं बसणार. आपल्याकडच्या सगळ्या बायका तशाच बसतात आणि सगळ्या गाड्या बनवणारे त्या दोन्हीकडं पाय टाकून बसतात असं धरून चालतात. तिचा डावा हात मागच्या कडीला आणि उजवा माझ्या खांद्यावर. अठ्ठावीस वर्षं तो हात माझ्या खांद्यावर होता, आणि वेग वाढला की त्याची बोटं काय म्हणतात ते मला कळायचं.

हेल्मेट मी गेल्या वर्षीच्या दिवाळीत घेतलं. एकच. ते डोक्यावर घालायचं असतं हे मला ठाऊक होतं, पण गरम होतं, आणि ते घातलं की मागं बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही. म्हणून आमचा एक रिवाज ठरला होता. गाव आलं, पोलीस दिसायची शक्यता आली, की ती मागून हेल्मेट पुढं करायची आणि मी घालायचो. गाव संपलं की काढून मागं द्यायचो, आणि ते तिच्या मांडीवर बसायचं. येडशीला डोक्यावर, येडशी संपली की मांडीवर. धाराशिवात डोक्यावर, बाहेर पडलो की मांडीवर. कपाळाला टिळा लावून घ्यावा तसं मी ते घालत-काढत होतो. अशा वागण्यावर मी दुसऱ्यांबद्दल किती लेख लिहिलेत, तू वाचलेच आहेस.

त्या दिवशी धाराशिवाबाहेर हेल्मेट तिच्याकडं देताना मी म्हणालो, "नीट धर. चरा पडंल." हे माझे शब्द. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

मग मी तिला लग्नपत्रिकेचं सांगत होतो. तुला आठवत असेल ती पत्रिका. वर नेत्यांची बत्तीस नावं ठळक आणि नवरदेवाचं खाली बारीक टायपात. मी म्हणालो, "आता मांडवात नवरदेव ओळखायचा कसा?" ती म्हणाली, "कसा?" मी म्हणालो, "सगळ्यात मागच्या रांगेत बसलेला बघायचा."

या फाट्यावर गतिरोधक आहे. मी इथून वर्षानुवर्षं जातोय, मला तो झोपेतही माहीत आहे. पण मला बघायचं होतं ती हसली का. आवाजावरून कळत नव्हतं, वारा होता. म्हणून मी मान वळवून मागं बघितलं.

ती हसत होती. डोळे मिटून हसत होती, दोन्ही हात हेल्मेटवर.

मग गाडी उडाली.

कुत्रं नव्हतं, पौर्णिमा.

हेल्मेटला एक चरा पडला नाही. रस्त्यावर पडली तेव्हाही तिनं ते पोटाशी धरलं होतं. लोकांनी तिच्या हातातून ते सोडवून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. दवाखान्यात मी ते काखेत घेऊन उभा होतो. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, कुत्रं आडवं आलं. एवढं सोपं होतं ते. पुढचं मला सांगावंच लागलं नाही, दर नातेवाइकानं ते थोडं थोडं वाढवलं. तू रात्रीच्या गाडीनं आलीस आणि आईला विचारलंस, "खरंच कुत्रं होतं का गं?" तेव्हा मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "व्हय, कुत्रं होतं. तांबडं."

तांबडं मी सांगितलं नव्हतं. मी नुसतं कुत्रं म्हणालो होतो. रंग तिनं दिला.

तेव्हापासून आठ महिने मी त्या रंगाकडं बघतोय. तिनं मला वाचवलं, आणि त्याबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. फोनवर ती जेवलात का विचारते आणि गप्प राहते, ती कशाची वाट बघते ते मला माहीत आहे. मी तिला रेंज नाही म्हणतो. माझ्या लेखांना लोक टाळ्या वाजवतात, पण मी काहीही लिहिलं की ते पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिला वाचून दाखवायचो. आता दारात उभा राहतो आणि ओट्यावर गॅसची शेगडी असते. ती हसत नाही. तुझ्या आईच्या हसण्यासाठी मी त्या दिवशी मागं वळलो होतो हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. स्कूटरचं चाक दहा इंची असतं हे सांगायला उचलली.

आज शंभुलिंगला चहा सांगितला. त्यानं मला ओळखलं.

"सर तुमी न्हव का? बाई पडल्या त्या?"

"होय."

"बऱ्या हायत आता?"

"काठी सुटली."

तो भांडं विसळत राहिला. मग म्हणाला, "एक बोलू का? राग मानू नका. कुत्रं त्या टायमाला हितं माझ्या पोत्यावर झोपलं होतं. म्या डोळ्यानं बघितलंय."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"तुमी मास्तर माणूस, तुमचं पेपरात छापून येतंय. कुत्र्याच्या बाजूनं कोण बोलंल, सर? बाईच्या माहेरची माणसं दुसऱ्या दिवशी आली अन् दगडं घातली त्याला. मागचा पाय गेला. तवापासनं गाडीवरनं कुणी उतरलं की टपरीच्या मागं पळतंय."

ते खरंच तांबडं आहे. तुझी आई दर सहा महिन्यांनी इथून माहेरी जायची, तिनं ते नेहमी बघितलं असणार. तिला खोटंही उगाच सुचलं नाही, एका ओळखीच्या कुत्र्याचा रंग तिनं घेतला. पण दगडं त्याला बसली, आणि ती माझ्या नावाची होती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्कूटर की मोटारसायकल याचा निकाल मी लावू शकत नाही, कारण दोन्हींवर पुढं मीच बसणार आहे. ज्या गाडीवर चालवणारा पुढं बघतो ती गाडी बरी, एवढंच तीन दिवसांच्या आणि आठ महिन्यांच्या अभ्यासातून हाती आलं. बाकी तुझ्या आईनं ठरवावं. ती स्कूटर म्हणाली तर स्कूटर. एस.टी. म्हणाली तर एस.टी. कळंबला यायचंच नाही म्हणाली, तर ते मला तू सांगू नकोस, तिला सांगू दे. मी रेंज नाही म्हणणार नाही.

एक काम मात्र तुझ्याकडून हवं आहे. काल दुसरं हेल्मेट घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "माप काय?" अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिच्या बांगडीचं माप मला माहीत आहे, चपलेचं माहीत आहे. डोक्याचं माहीत नाही. घेतलं नाही. तू एक दोरा घे, तिच्या कपाळावरून मागं फिरव, टाक्यांच्या वरून, हळू. आणि तो दोराच पाकिटात घालून पाठव, आकडा नको.

हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं. पत्रिकेच्या ठिकाणी ती हसली का, ते मला कळवू नकोस.

शंभुलिंगकडून बिस्किटाचा पुडा घेतला आहे. कुत्रं टपरीच्या कोपऱ्यातून बघतंय, तीन पायांवर. हात पुढं केला तर मागं सरतं. म्हणून पुडा फोडून जमिनीवर ठेवला, माझ्या मागं दहा पावलांवर, आणि पाठ करून हे शेवटचं लिहितोय. मागं कागदाचा आवाज येतोय. मी वळून बघत नाहीये.

तुम्हा दोघींचा,
बाबा