पानं अजून हिरवी आहेत

९ नोव्हेंबर, गुरुवार

परसात बटाट्यांसाठी चार सऱ्या ओढून झाल्या. कंबर मोडली! इंचटेप धरून नऊ-नऊ इंचांवर खुणा केल्या. ही आतून ओरडली— "मापं कसली घेताय? सदरा शिवायचाय का बटाट्यांना?" खिडकी उंच, पलंगावरून तिला परसातलं काही दिसत नाही. पण टेप झटकल्याचा आवाज ओळखते. चाळीस वर्षं शिंप्याची बायको आहे.

बटाटे दरवर्षी तीच लावते, मी नुसता खायचा धनी. यंदा तिला उठवत नाही. "प्रत्येक फोडीला एक तरी डोळा हवा," दहादा बजावलं. तरी एक-दोन फोडी आंधळ्याच पुरल्या असणार.

१ डिसेंबर, शुक्रवार

कोंब आले! सदतीस! धावत जाऊन सांगितलं, तर म्हणते, "चाळीस लावले होते ना?"

१४ डिसेंबर, गुरुवार

रोपांना मातीची भर लावली. बटाट्याला ऊन लागलं तर हिरवा पडतो, कडू होतो म्हणे. या वयात हे शिकतोय.

दुपारी डॉक्टर आला. गोळ्या बंद केल्या, आता फक्त दुखणं कमी करायचं औषध. दाराबाहेर मला म्हणाला, "फेब्रुवारी दिसला तरी पुष्कळ समजा." सरळ तोंडावर! मी त्याला चहाही विचारला नाही.

गोळ्यांची डबी— सात वारांचे सात खण— फेकायला निघालो. "राहू दे," म्हणाली. "हाताशी असलेली बरी."

१५ डिसेंबर, शुक्रवार

तिनं सगळं ऐकलं होतं. ते दार नीट लागत नाही. मीच कधीपासून दुरुस्त करणार होतो!

"बटाटे निघेपर्यंत मी कुठेही जात नाही," म्हणाली. "मला खुर्चीत बसवून बाहेर न्या. पहिला बटाटा मी उकरणार." हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

१० जानेवारी, बुधवार

फुलं आली, पांढरी. एक तिला नेऊन दिलं. "याला वास नसतो हो," म्हणाली, आणि तरी बराच वेळ नाकाशी धरून होती.

२२ जानेवारी, सोमवार

खालची पानं पिवळी पडलीत. तिनं सांगूनच ठेवलंय— पिवळी पडली की पाणी तोडायचं, थेंबही घालायचा नाही, रोपांनी माना टाकल्या की पंधरा दिवसांनी खणायचं.

"पानं कशी आहेत?" तिनं विचारलं. "हिरवीगार!" म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. ती माझ्या बाहीवरचं काहीतरी वेचत होती. "बरं," म्हणाली.

आता काय करू?

२३ जानेवारी, मंगळवार

पाणी घातलं. दोन बादल्या जास्तच.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

फेब्रुवारी दिसला! डॉक्टरच्या नाकावर टिच्चून दिसला!

निम्मी रोपं आडवी झाली आहेत. रोज पाणी घालतो. बटाटे निघालेच नाहीत तर ती जाणार नाही, असं काही मी मानत नाही. एवढा खुळा नाही मी. पण सकाळ झाली की हात बादलीकडे जातो.

पाणी घालून आलो की तिच्यापाशी बसतो. ती माझी बाही साफ करते, पूर्वी दोरे वेचायची तशी. आज म्हणाली, "एखादं रोप हलक्या हातानं उकरून बघा ना." मी म्हटलं, "कोवळे असतील अजून." मग म्हणाली, "पाणी फार घालता का हो तुम्ही?" मला राग आला. का आला?

११ फेब्रुवारी, रविवार

मुलगी आली होती. परस पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, झाडं कधीच मेलीत. आईला काय सांगताय तुम्ही? तिला फक्त एक बटाटा उकरायचाय हो!" मी खेकसलो— "चार दिवस थांबलो तर कुणाचं काय बिघडतंय?" ती रडायला लागली. मी बादली घेऊन बाहेर गेलो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तिनं पानांचं विचारलंच नाही. मीच आपणहून म्हणालो, "हिरवी आहेत अजून." डोळे मिटूनच म्हणाली, "असू देत. घाई नाही." तिचा हात बाहीकडे आला, पोचला नाही. मग मीच बाही पुढे केली.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहाटे गेली.

३ मार्च, रविवार

आज खणलं. फावडं घातलं आणि घाण वास आला. सगळे सडलेले, हातात घेतले की नुसतं पाणी. मीच घातलेलं पाणी! धड निघाले ते तीन, लिंबाएवढे.

पहिला बटाटा उकरायचा होता तिला. एवढंच मागितलं होतं. तिला आपलं खरंच वाटलं असेल, की अजून वेळ आहे. मी फसवलं तिला.

४ मार्च, सोमवार

तिची गादी काढली. उशीच्या खोळीत ती गोळ्यांची डबी निघाली. उघडली— सातही खणांत बटाट्याचं एकेक पान. सगळी पिवळी. सोमवारच्या खणातलं सगळ्यांत जुनं, हात लावला तर चुरा झाला.

ही वही मागे उलटून पाहिली. मी पहिल्यांदा "हिरवीगार" म्हणालो, तो सोमवारच होता.