विशाखाचे फोन

८ मे, गुरुवार

अंगण झाडून झालं होतं, रांजण विसळून भरला होता, भुईमुगाच्या शेंगा धुवायला घेतल्या होत्या. हे ओट्यावर दाढी करत बसलेले. म्हणाले, चहा टाक. मी म्हटलं, थांबा की जरा, हात मातीचे आहेत. हात धुवून आले तर आरसा मांडीवर पडलेला, मान भिंतीला टेकलेली. एका गालावर साबण तसाच.

हे सगळं आज विशाखाला सांगितलं. तीन वर्षांत कुणालाच एवढं सांगितलं नव्हतं. सिद्धूला तर नाहीच. माझा एकुलता मुलगा, पण मातीला यायला त्याला सुट्टी मिळाली नाही. वडिलांचा विषय काढला की, "आई, ठेवतो, रेंज नाही."

विशाखा ऐकते. फौजींच्या घरच्यांची विचारपूस करणाऱ्या कुठल्याशा संस्थेत आहे म्हणे. दोन महिने झाले, फोन करते. माहेर कंधारचं. तिथल्या किल्ल्याच्या खंदकात म्हशी डुंबतात, हेही तिनंच सांगितलं. आज तर रडली. शेवटी नेहमीचं, "दादांचा फोन येतो ना, काकू?" परवापासून नाही गं, म्हटलं. सिद्धू फौजेत ट्रक चालवतो. गाडी निघाली की त्याचा फोन बंद.

९ मे

टीव्हीवर नुसती लढाई! शेजारची नागुबाई कुंपणावरून ओरडली, "अगं, औशाच्या फाट्यावर हेर धरला! दुर्बीण हाय त्याच्यापाशी, तीन पायाची!" संध्याकाळी कळलं, रस्ता मोजायला आलेला माणूस होता. चार थपडा खाल्ल्या बिचाऱ्यानं. नागुबाई म्हणते, "मंग काळा चष्मा कशाला घालावा मेल्यानं?"

मलाही हसू आलं. शाळा माझी दुसरीतच सुटली. पुढं वाचनालयातली हेरांची पुस्तकं अक्षर अक्षर जुळवत वाचली, तेव्हा कुठं वाचता आलं. त्यांतही काळा चष्मा असतोच.

११ मे, रविवार

सिद्धूचा फोन. लढाई थांबली म्हणतात, तरी याची सुट्टी रद्दच. म्हणाला, "आई, फौजीच्या घरी अनोळखी बायांचे फोन येऊन राहिलेत. तुला आला का?"

हाव, म्हटलं, विशाखाचा येतो. मग, "काय काय सांगितलंस?"

तुझं काहीच नाही रे. ह्यांचंच बोलतो आम्ही. तुझा फोन येतो का, एवढंच विचारते ती.

"आई!" — आणि ठेवला.

मी काय केलं?

१३ मे

एक माणूस आला. मला वाटलं विम्याचा एजंट. मग कार्ड दाखवलं. सिद्धूच्या साहेबांनी पाठवलेला! ना कोट, ना पिस्तूल. चपलेचा अंगठा शिवलेला, चहात साखर वाढवून घेतली.

"मावशी, तुमच्या मुलाचा फोन बंद म्हणजे गाड्या निघाल्या. अशी चार घरं बोलली की सीमेपलीकडच्यांना पुरतं."

पण तिला कंधारच्या म्हशी माहीत आहेत, मी म्हटलं.

"मोबाइलवर सगळं दिसतं."

म्हशीसुद्धा? तो हसला. मी विनोद केला नव्हता.

फोन बंद करू का, विचारलं. नाही म्हणाला! उचलायचा. सिद्धेश्वर रोज बोलतो, निवांत आहे, एवढंच सांगायचं. सिद्धूच्या नोकरीवर येईल का, विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही नीट बोला, म्हणजे झालं."

म्हणजे आता हेर मी. गुडघा धरून उठणारी!

१५ मे

ती रडली ते ऐकलं होतं मी. नाकही शिंकरलं होतं. रडायलाही शिकवतात का?

१७ मे, शनिवार

सिद्धूचा फोन कालपासून बंद. आणि दुपारी विशाखाचा आला. पाठ केलेलं म्हणून दाखवलं — रोज बोलतो, निवांत आहे. काल पोहे खाल्ले म्हणाला, हे मी माझ्या मनानं घातलं.

ती हळूच म्हणाली, "काकू, आज काकांचं काहीच बोलला नाहीत."

मी म्हटलं, अगं, ते... फोन कट. परत लावला तर लागतच नाही.

तिला कळलं. त्या माणसाला सांगावं तर, तुमच्यामुळे बिघडलं म्हणेल, सिद्धूला भोवेल. न सांगावं तर माझं लेकरू रस्त्यावर आहे. काही सुचत नाही. आणि हे लिहू नये, पण लिहिते — मी ह्यांचं नाव काढलं नाही, हे एवढ्या जगात तिलाच जाणवलं.

१८ मे, रविवार

सकाळी उठल्या उठल्या त्या माणसाला फोन लावून सांगितलं, तिला कळलंय. त्यानं पुढचं ऐकलंही नाही, घाईनं फोन ठेवला.

तिन्हीसांजेला दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून सिद्धू बोलला. गाड्या वाटेतच थांबवल्यात. बरा आहे. "आई, ठेवतो, रेंज—"

ठेवू नको, म्हटलं. अंगण झाडून झालं होतं, रांजण भरला होता, तुझे वडील ओट्यावर दाढी करत बसले होते.

त्यानं ठेवला नाही.