माझ्या पतीचा ठिपका मला दिसू नये याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
फोन व खाते सेवा केंद्र,
तळमजला, खिडकी क्र. ४ च्या मागील दालन.

विषय : पतीच्या फोनचे ठिकाण माझ्या फोनवर व खात्यावर दिसण्याची सोय कायमची बंद होणेबाबत, तसेच मी पुन्हा मागितल्यास ती न देणेबाबत.

संदर्भ : खिडकी क्र. ४ वरील बाईंनी गेल्या मंगळवारी दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

"काकू, नीट ऐका. नुसतं फोनमध्ये बंद करून भागत नाही. खात्यात जाऊनही बंद करायचं, आणि मागच्या सगळ्या नोंदी पुसायच्या. नाहीतर ते आपलं चालूच राहतं," असे आपल्या खिडकी क्र. ४ वरील बाईंनी मला बजावले होते. सूचना स्पष्ट होती. पालन माझ्याकडूनच झाले नाही. त्याची कारणे पुढे सादर करते.

१. माझे पती लिफ्ट दुरुस्त करतात. दोन वर्षांपूर्वी ते एका लिफ्टच्या खड्ड्यात तीन तास अडकून पडले आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर माझ्या नणंदेने आम्हा दोघांचे फोन एकमेकांना जोडून दिले. "वहिनी, आता दादा कुठेय ते बसल्या जागी कळेल. जिवाला घोर नको." तेव्हापासून माझ्या फोनवर पतीचा निळा ठिपका दिसतो, आणि घोर तेव्हापासूनच लागला.

२. मी रोज दुपारी बारा ते दोन मौन पाळते व जप करते. सोळा वर्षांत खंड नाही. गेल्या तीन महिन्यांपासून पतीचा ठिपका रोज एक वाजून दहा मिनिटांनी कापडबाजारामागच्या एका इमारतीवर येऊन थांबतो आणि एक पन्नासला हलतो. त्या इमारतीत लिफ्ट नाही. मी स्वतः जाऊन खात्री केली आहे. बहात्तर पायऱ्या आहेत. लिफ्टवाल्या माणसाचे तिथे रोज चाळीस मिनिटे काय काम, हे नकाशा सांगत नाही. कितव्या मजल्यावर, हेही सांगत नाही. तळमजल्यावर चष्म्याचे दुकान आहे (मालक वयोवृद्ध गृहस्थ, आक्षेप नाही). पहिल्या मजल्याला कुलूप. तिसऱ्यावर गोदाम. दुसऱ्यावर पडदे शिवणाऱ्या एक बाई राहतात.

३. त्याच सुमारास पतीच्या पांढऱ्या सदऱ्याचे बटण तपकिरी दोऱ्याने लावलेले आढळले. माझ्या शिवणाच्या डब्यात तपकिरी दोरा नाही.

४. ही वेळ नेमकी माझ्या मौनाची आहे. मी त्या वेळी फोन करणार नाही हे घरात एकाच माणसाला पक्के ठाऊक आहे. मी मन मोठे ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु माळेचे मणी पुढे सरकतात आणि मनात देवाच्या नावाऐवजी 'हलला का, हलला का' एवढेच चालते. नणंद म्हणाली, "वहिनी, हल्ली देवापेक्षा फोनपुढेच जास्त बसता." ती हसली. मला हसू आले नाही, कारण ते खरे होते.

५. म्हणून मी ही सोय बंद करावयास घेतली व चूक केली. पतीचा ठिपका बंद करण्याऐवजी माझाच बंद केला. त्यांच्या फोनवरून मी नाहीशी झाले. ते मात्र मला दिसतच राहिले. चूक लक्षात आल्यावर मी मुद्दाम तशीच ठेवली व हे कधी विचारतात याची वाट पाहिली. नऊ दिवस विचारले नाही. महोदय, त्या पडदेवाल्या बाईंपेक्षाही हे मला जास्त लागले. दहाव्या दिवशी संध्याकाळी मीच सांगितले. ते म्हणाले, "अगं, मी कधी बघतच नाही. तू घरीच असतेस." मग माझा फोन हातात घेऊन पाहिला. "तू बघतेस होय? रोज? विचारायचं असेल तर मला विचार ना. या डबड्याला काय विचारतेस? मी बंद केलं तर म्हणशील लपवतोय. तूच बंद कर." मी दोन्ही कबूल केले : बंद करीन, आणि विचारीन.

६. त्याला आज बारा दिवस झाले. या काळात मी ही सोय चार वेळा बंद केली व पाच वेळा चालू केली. पाचव्यांदा कपाटातल्या जुन्या फोनवरून. तो माझ्याच खात्यावर चालतो. त्यातील जुन्या नोंदी उघडून, मागच्या वर्षी मी तापाने पडून होते तेव्हा हे कुठे होते, तेही पाहिले. औषधाच्या दुकानात होते. तरी समाधान झाले नाही. त्या दुकानात कोण बसते ते पाहून आले.

सबब विनंती की,

अ) ही सोय माझ्या दोन्ही फोनवरून व खात्यावरून आपल्या स्तरावर बंद करावी आणि मागील सर्व नोंदी पुसाव्यात.

आ) मी पुन्हा अर्ज केल्यास तो फेटाळावा. रडले तरी फेटाळावा. कुणी आजारी आहे असे सांगितले तर आधी खात्री करून घ्यावी.

इ) सदर ठिपका आपल्या कार्यालयात कुणाला दिसत असल्यास त्यांनीही तो पाहू नये. खिडकी क्र. ४ वरील बाई स्वभावाने चांगल्या आहेत, तरीही.

एक गोष्ट लपवून अर्ज पुरा करणे बरे नाही. त्या इमारतीत गेले तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावरच्या दाराशी थांबले होते. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता, आणि कुणीतरी हसले. मी दार वाजवले नाही. मौन आहे, असे स्वतःला सांगून खाली आले. मौन त्या दिवशी माझ्या भीतीच्या उपयोगी पडले, देवाच्या नव्हे. शब्द दिल्यानंतरचे बारा दिवस संध्याकाळी मौन नव्हते, तरीही मी विचारले नाही.

हा अर्ज मी मौनातच लिहीत आहे, त्यामुळे खिडकीवर काही बोलणार नाही; कृपया उद्धटपणा समजू नये. दोन्ही फोन सोबत जोडले आहेत. इथून ती इमारत पायी अर्ध्या तासावर आहे. पती तिथे पोहोचले की नाही, हे न पाहताच मी निघत आहे. आज मौन दोनऐवजी दुसऱ्या मजल्यावरच्या दारात सुटेल. तसे देवाला सकाळीच सांगून ठेवले आहे. नेम माझा आहे, शब्द त्यांना दिलेला आहे.

आपल्या नकारावर भिस्त ठेवून असलेली,
नम्र अर्जदार
(स्वाक्षरी)
लिफ्टवाल्यांची पत्नी

दिनांक : आजचा. वेळ : दुपारचे बारा चाळीस.

सोबत :
१) माझा फोन (चालू स्थितीत, कृपया लगेच बंद करावा).
२) कपाटातील जुना फोन.
३) पांढऱ्या सदऱ्याचे बटण, तपकिरी दोऱ्यासह. हे जोडणार होते, पण जोडलेले नाही. बरोबर नेत आहे.