गंगव्वाच्या गाण्याबाबत माझी शेवटची व्यवस्था

मी, हावगेप्पा वल्द बसलिंगप्पा, वय सहासष्ट, निवृत्त ग्रंथालय लिपिक, राहणार मैलूर, बीदर, लिहून ठेवतो की माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली असली तरी डोकं शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकण्याइतका रसही कुणाला माझ्यात नाही.

१. दोन खोल्यांचं घर मुलगी धनलक्ष्मी हिला. जावयानं विकायची घाई करू नये.

२. माझी नऊ रजिस्टरं. गाण्यांच्या कॅसेटच्या चोरून नकला करणाऱ्यांविरुद्धचा कायदा चौऱ्याण्णव साली कडक झाला. त्यानं आपल्याकडच्या गाणाऱ्यांचं भलं झालं का, हे बघायला मी बारा वर्षं बसवकल्याणपासून अफझलपूरपर्यंतचे आठवडी बाजार पालथे घातले. एकशे सदुसष्ट गाणारे आणि एकतीस कॅसेटवाले, दरवर्षी तेच प्रश्न. भलं होईल अशी माझी खात्री होती. निघालं उलटंच. नकला थांबल्या नाहीत, पण कॅसेट कंपनीला गाण्याचे हक्क कागदावर लिहून दिलेल्या अठ्ठावन्न जणांनी भीतीनं आपलंच गाणं गावात गायचं सोडलं. विद्यापीठातल्या एका मोठ्या साहेबांनी रजिस्टरं न उघडताच परत केली. ती आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावीत. तिथं कुणी वाचणार नाही, पण निदान फेकणार नाहीत.

३. एकोणसाठावं नाव मी तक्त्यात घातलं नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचं, गंगव्वाचं, राहणार मौजे कोहिनूर. तिचं गाणं कायद्यानं नाही, मी बंद केलं. मेंढरं कातरताना आई गायची ते गाणं आता तिला एकटीलाच पूर्ण येतं. कंपनीनं काढलेल्या कॅसेटवर त्याचा पाव हिस्साही नाही. शहाण्णव साली कंपनीच्या माणसासमोर कागद मीच वाचून दाखवला, अंगठा मीच उमटवून घेतला. तेवढ्यानं पक्कं वाटेना, म्हणून लिहिता-वाचता असून मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, की हे गाणं पुन्हा गाणार नाही.

पुढं कंपनी बुडाली, कागदाची मुदत संपली. मी पाया पडलो, शपथ सुटली म्हणालो. ती म्हणाली, "कागद सुटला आसंल, हावग्या. पर तुझ्या डोस्क्यावर हात ठिवलाय म्या. गायले आन् तुला काय झालं म्हंजे?" तेरा वर्षं ती माझ्या जिवासाठी गप्प आहे आणि मी दुसऱ्यांची मोजदाद करत हिंडलो. मला आता हे सहन होत नाही.

४. टेपरेकॉर्डर कॅसेटवाल्या इरप्पाला. रजिस्टरात त्याला चोर लिहिलं, ते खोडतो. त्यानं अक्काचं गाणं टेप करून वाटेल तितक्या नकला कराव्यात. वर तिचं नाव लिहावं, बस.

५. मी गेल्यावर अक्का येईपर्यंत मला हलवू नये. आली की धनलक्ष्मीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवावं: अक्का, ज्याच्या जिवाला जपत होतीस तो गेला. आता तुझ्या गाण्यानं कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या उशाशी बस आणि पहिल्यापासून गा.

कितीही वेळ लागो, गाणं संपल्याशिवाय मला उचलू नये.

हे सर्व माझ्या हातानं लिहिलं, वाचलं आणि दोघांसमक्ष सही केली.

हावगेप्पा
साक्षीदार: सोमशेखर (वकील), धनराज (शेजारी)
मैलूर, बीदर. १४ नोव्हेंबर २००९